ओ देण्याआधी

एक साधं काम घेऊ. दोन याद्या ताडून बघायच्या आहेत. एका बाजूला बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्या बाजूला आपली खतावणी. एकेक नोंद बघायची, रक्कम जुळली की टिक करायची, पुढे जायचं. बोट सत्तेचाळिसाव्या ओळीवर आहे. डोक्यात त्या घडीला निदान चार गोष्टी आहेत: ओळ कुठली, तिची रक्कम किती, मागे न जुळता सोडलेल्या दोन नोंदी, आणि ‘एकाच बिलाचे दोन हप्ते केलेत म्हणून हा फरक येत असेल’ असा एक अर्धामुर्धा संशय. यातलं कागदावर काहीच नाही. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक पट्टी सरकत येते: उद्याची मीटिंग अकराऐवजी साडेअकराला. वाचायला दोन सेकंद लागतात. उत्तरही द्यायचं नसतं. नजर परत येते तेव्हा बोट सत्तेचाळिसाव्याच ओळीवर असतं. संशय मात्र गेलेला असतो. काहीतरी लक्षात आलं होतं, एवढंच लक्षात असतं.

आता या पट्टीने नेमकं किती नुकसान केलं? घड्याळ लावलं तर दोन सेकंद. व्यत्ययाचा हिशेब बहुतेक वेळा असाच मांडला जातो आणि म्हणूनच तो किरकोळ वाटतो. ‘एक मिनिट हं, जरा विचारायचं होतं’ म्हणणाऱ्या माणसाला खरोखरच एक मिनिटच हवं असतं. त्याचं काही चुकत नाही. चूक हिशेबाच्या पद्धतीत आहे.

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या एरिक ऑल्टमन यांनी सहकाऱ्यांसोबत २०१४ साली हे फार बारकाईने मोजलं. तीनशे जणांना संगणकावर सात पायऱ्यांचं एक काम दिलं. पायऱ्या ठरलेल्या, क्रमही ठरलेला, सातवी झाली की पुन्हा पहिली. मधूनच पडद्यावर एक चौकट यायची, तिच्यातली अक्षरं टाइप करायची आणि परत कामाला लागायचं. कितव्या पायरीवर होतो हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते डोक्यातच ठेवायचं होतं. सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययाने क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट. यातली खरी मेख पुढे आहे. एखादी पायरी करताना होणाऱ्या इतर चुका वाढल्याच नाहीत. म्हणजे माणसं काम कसं करायचं ते विसरली नव्हती, ती कुठवर आली होती ते विसरली होती.

‘कुठवर आलो होतो’ ही माहिती जपायची कुठे, हा व्यत्ययाचा मूळ प्रश्न आहे. आवाज, पट्ट्या, लाल ठिपके ही सगळी नंतरची गोष्ट.

एरवी यातून एखादी बेरीज चुकते, पण काही ठिकाणी माणूस दगावू शकतो. सिडनीतल्या दोन मोठ्या रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधं देत असताना त्यांचं काम प्रत्यक्ष शेजारी उभं राहून नोंदवलं गेलं. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त वेळा औषध देताना मध्ये कुणी ना कुणी टोकलं होतं. एकही व्यत्यय नसताना गंभीर चुकीचा धोका २.३ टक्के होता, चार व्यत्यय आले की तो ४.७ टक्के. विमानाच्या कॉकपिटमध्ये तर अमेरिकेने १९८१ सालापासून नियमच केला: दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं नाही आणि त्यांना कुणी काही विचारायचंही नाही. नियमातली ही उंची बघण्यासारखी आहे. पूर्ण प्रवासभर गप्प बसा, असं कुणी म्हटलेलं नाही. जिथे कामाच्या पायऱ्या एकमेकींना चिकटून येतात तेवढ्याच पट्ट्यात तोंडाला कुलूप.

इथे एका आकड्याची झाडाझडती घ्यायलाच हवी. व्यत्ययानंतर लक्ष परत यायला २३ मिनिटं १५ सेकंद लागतात, हे वाक्य आता इतक्या प्रेझेंटेशनांत येऊन गेलंय की ते ऐकून कुणी मानही वर करत नाही. आकडा ग्लोरिया मार्क यांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या या संशोधिकेने ऑफिसात माणसांच्या मागे सावलीसारखं बसून त्यांच्या कामाची सेकंदासेकंदाची नोंद ठेवली. २००६ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी हा आकडा सांगितला. पण तो मेंदू गरम व्हायला लागणारा वेळ नव्हे. काम सुटल्यापासून माणूस त्याच कामाकडे पुन्हा येईपर्यंत जाणारा तो वेळ आहे, आणि त्या दरम्यान माणूस सरासरी आणखी दोन कामं करून आलेला असतो. म्हणजे चित्र असं: मीटिंगचा निरोप आला म्हणून कॅलेंडर उघडलं, कॅलेंडरात परवाचं काहीतरी दिसलं म्हणून त्याची फाइल शोधायला गेलो, फाइल मेलमध्ये होती, मेलमध्ये आणखी तिघं उभे होते. ताकाला गेलेला माणूस लोणी, दही आणि भांडं घेऊन उशिरा घरी आला, इतकंच तो आकडा सांगतो. एकाग्रता ‘भरून यायला’ तेवीस मिनिटं लागतात असं समजून कुणी कपाळाला हात लावून बसू नये.

याच बाईंचा २००८ सालचा एक प्रयोग जास्त अस्वस्थ करणारा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. ४८ जणांना मेलना उत्तरं द्यायचं काम दिलं आणि काही वेळा मधून मधून टोकलं. टोकलं गेलं तेव्हा त्यांनी काम चक्क लवकर संपवलं. उत्तरं थोडी आखूड लिहिली, पण दर्जात फार फरक पडला नाही. मग बिघडलं काय? वीसच मिनिटांत त्यांच्यावरचा ताण, चिडचिड, घाईची भावना आणि लागलेला जोर, सगळंच वाढलेलं होतं. माणूस व्यत्ययाची भरपाई वेग वाढवून करतो. ती भरपाई होते म्हणूनच व्यवस्थापकाच्या तक्त्यात काही दिसत नाही, आणि संध्याकाळी सहा वाजता ‘आज एवढं काय केलं म्हणून एवढं गळून गेल्यासारखं होतंय’ हा प्रश्न उरतो.

गंमत अशी की ज्या यंत्राच्या पट्ट्यांनी आपण हैराण आहोत ते यंत्र स्वतः सेकंदाला हजारो व्यत्यय झेलतं आणि त्याची जागा कधी हरवत नाही. संगणकाच्या दुनियेत व्यत्ययाला ‘इंटरप्ट’ हेच अधिकृत नाव आहे. कीबोर्डची कळ दाबली, नेटवर्कवरून माहिती आली, टायमर वाजला, की प्रोसेसरला खांद्यावर टिचकी मारली जाते. टिचकी बसल्यावर तो काय करतो ते टप्प्याटप्प्याने बघण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, हातातली सूचना तो अर्धवट टाकत नाही, पूर्ण करतो. दुसरी, पुढची सूचना कुठे होती तो पत्ता आणि आपली त्या वेळची अवस्था सांगणारे झेंडे तो स्टॅक नावाच्या जागेत लिहून ठेवतो. हे लिहून झाल्याशिवाय तो कोण आलंय ते बघतसुद्धा नाही. तिसरी, आलेल्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम सुरू होतो, तोही आल्या आल्या आधी वापरात असलेली रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या हातातले आकडे ठेवायचे छोटे कप्पे, जपून ठेवतो, मग अगदी तातडीचं तेवढंच उरकतो आणि बाकीचं ‘नंतर बघू’च्या रांगेत लावून देतो. चौथी, जपलेलं सगळं जसंच्या तसं परत जागेवर ठेवलं जातं आणि मूळ प्रोग्रॅमला मध्ये काही घडलं होतं याचा पत्ताही लागत नाही.

शिवाय त्याच्याकडे मास्क आहे. नाजूक काम चालू असताना प्रोसेसर बहुतेक व्यत्ययांना दार बंद करू शकतो. ते हरवत नाहीत, उंबऱ्यावर थांबतात. फक्त एक जात अशी आहे की तिला दार बंद करता येत नाही: मेमरीत बिघाड, हार्डवेअरची पडझड असले निरोप. तिचं नावच ‘नॉन-मास्केबल’.

आता आपण. टिंग झालं की माणूस आधी बघतो आणि मग आठवायला लागतो. आपल्याकडे स्टॅक नाही असं नाही, कागद-पेन्सिल हाताशी असते. पण ‘ओ’ आधी आणि खूण नंतर, असा आपला उलटा क्रम आहे.

प्रोसेसरवाल्यांनाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. नेटवर्क वेगवान झाली तेव्हा दर पॅकेटमागे, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यामागे, एक इंटरप्ट हा जुना हिशेब अंगाशी यायला लागला. पॅकेटांचा पूर आला की यंत्र फक्त ‘आलं, आलं, आलं’ एवढंच करत बसायचं. घेतलेल्या पॅकेटांचं पुढे काही करायला वेळच उरायचा नाही, कारण तेवढ्यात पुढचं यायचं. यंत्र शंभर टक्के कामात आणि बाहेर पडणारं काम शून्य. याला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हणतात. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांचा १९९६ सालचा शोधनिबंध याच दुखण्यावर आहे. दिवसभर इनबॉक्स उपसणाऱ्या कुठल्याही माणसाने हे वर्णन आपल्या दारावर पाटी म्हणून लावावं. उपाय काय निघाला, तर लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये आज असं चालतं: पहिलं पॅकेट आलं की एकदा टिचकी बसते. त्यासरशी त्या नेटवर्क कार्डाच्या टिचक्या बंद केल्या जातात, मग प्रोसेसर आपल्या सोयीने रांगेकडे जाऊन गठ्ठ्याने पॅकेटं उचलतो. रांग रिकामी झाली की टिचक्या पुन्हा चालू. मेल दिवसातून तीनदा बघावी, हा सल्ला ज्यांना बाबा-बुवांचा वाटतो त्यांनी हे लक्षात घ्यावं की सिलिकॉनलाही शेवटी हेच करावं लागलं.

तुलना ताणायची तर एका जागी ती माणसाच्या बाजूने झुकते, तेही सांगून टाकतो. प्रोसेसरची अवस्था नीट जपली तरी परतल्यावर तो थोडा वेळ रांगतच चालतो, कारण हाताशी असलेल्या कॅश मेमरीत पाहुण्याचं सामान पसरलेलं असतं. आपलं सामान पुन्हा माळ्यावरून काढावं लागतं. माणसाचंही तेच. सोफी लेरॉय यांनी २००९ साली याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ असं नाव दिलं: आधीच्या कामाचा मनात राहून गेलेला गाळ. काम अर्धवट सुटलेलं असलं की गाळ जास्त. पुढे थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत त्यांनीच त्यावर उतारा तपासला, आणि तो अगदीच साधा निघाला. उठण्याआधी, परत आल्यावर कुठून आणि कसं सुरू करणार ते पटकन लिहून ठेवायचं. असं लिहिणाऱ्यांचं मधल्या कामात जास्त लक्ष लागलं. चिठ्ठीचा फायदा परतल्यावर होतोच, पण ज्या कामासाठी उठलो त्यातही होतो.

या चिठ्ठीवर जरा थांबू, कारण सगळ्या सेटिंगांपेक्षा हीच जास्त कामाची आहे आणि हीच सगळ्यात वाईट लिहिली जाते.

‘अहवाल पूर्ण करणे’ ही चिठ्ठी नव्हे. ते काम आहे, आणि ते तर आधीपासून माहीतच होतं. ‘तक्ता ४ बघणे’ हीसुद्धा चिठ्ठी नव्हे, बघून काय करायचं होतं तेच त्यात नाही. चिठ्ठी अशी हवी: ‘तक्ता ४, मार्च, ३१८चा फरक. परताव्याच्या ओळी दोनदा धरल्यात का? नसेल तर फेब्रुवारीची शेवटची नोंद.’ यात तीन गोष्टी आल्या: जागा, संशय आणि संशय खोटा ठरला तर पुढचं पाऊल. संशय सगळ्यात महत्त्वाचा, कारण जागा फाइल उघडल्यावर दिसते, संशय कुठेच दिसत नाही. पंधरा-वीस शब्द, अर्धा-पाऊण मिनिट. दारात कुणी उभं असेल तर ‘एवढं लिहितो’ म्हणून तेवढा वेळ मागता येतो आणि आजवर त्यावरून कुणाचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. लिहायची जागा कायम एकच ठेवावी. कीबोर्डच्या डावीकडे एक वही. संगणकावर लिहायचं तर त्याच फाइलमध्ये, जिथे बोट होतं तिथेच, ठळक रंगात. वेगळ्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये नको, कारण ते उघडायला गेलं की तिथे आणखी सात नोंदी वाट बघत असतात.

प्रोग्रॅमर मंडळींची यातली एक युक्ती फार आवडण्यासारखी आहे. उठताना कोडच्या मधोमध मुद्दाम अशी ओळ लिहून ठेवायची की प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही, म्हणजे यंत्राला तो चालवण्याजोगा करताच येणार नाही. साधं मराठी वाक्य लिहिलं तरी चालतं: ‘इथे रिकामी यादी आली तर काय?’ परत आल्यावर यंत्र स्वतःच त्या ओळीवर नेऊन आपटतं. कमेंट, म्हणजे यंत्र वाचत नाही अशी कोडमधली टीप, दुर्लक्षिता येते, एरर दुर्लक्षिता येत नाही. ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर यांनी ८६ प्रोग्रॅमरांची सुमारे दहा हजार सत्रं तपासली तेव्हा व्यत्ययानंतर एका मिनिटाच्या आत कोड लिहायला सुरुवात झालेली सत्रं फक्त दहा टक्के निघाली. उरलेल्या वेळी माणूस फाइलींतून हिंडत, आपणच लिहिलेलं वाचत, आपणच काय करत होतो याचा तपास करत असतो.

टिंग करणाऱ्या गोष्टींकडे आता यायला हरकत नाही. पण त्याआधी एक दिवस कागद घेऊन बसावं. काम सुटलं की रेघ मारायची. बाहेरून कुणी सोडवलं तर ‘ब’, आपणच सोडलं तर ‘आ’. कुणी टिंग केलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती, तरी हात आपसूक ब्राउझरकडे गेला, ते ‘आ’. संध्याकाळी बेरीज केली की बहुतेकांची पंचाईत होते. ऑफिसातल्या निरीक्षणांत स्वतःच ओढवलेले व्यत्यय जवळपास निम्मे निघतात. सगळी नोटिफिकेशनं बंद करूनही ज्यांना ‘काही फरक पडला नाही’ असं वाटतं त्यांचा ‘आ’चा रकाना भरलेला असतो.

‘आ’ला वेळ ठरलेली असते. फाइल उघडायला चाळीस सेकंद लागतात तेव्हा, वाक्य अडतं तेव्हा, बेरीज दुसऱ्यांदा चुकते तेव्हा. काम जिथे खडकाळ होतं तिथेच आपल्याला अचानक विजेचं बिल आठवतं. त्यावर औषध म्हणजे शेजारी ‘नंतर’ असं लिहिलेला दुसरा कागद. बिल आठवलं, त्यावर ‘बिल’ लिहिलं, परत. एखाद्या शब्दाचा अर्थ बघायचाय, ‘शब्द’ लिहिलं, परत. तासाभराने त्या कागदावरच्या निम्म्या गोष्टी करायची गरजही वाटत नाही. फाइल उघडायच्या त्या चाळीस सेकंदांत नवी टॅब मात्र उघडू नये. खिडकीबाहेर बघावं. कंटाळा येतो, येऊ द्यावा.

आता ‘ब’. प्रत्येक टिंगला एकच प्रश्न विचारायचा: हे दोन तासांनी कळलं तर काय बिघडेल? ‘कुणाला तरी इजा होईल किंवा चालू यंत्रणा बंद पडेल’ असं उत्तर असेल तर तो निरोप दार न बंद होणाऱ्या जातीतला. ‘थोडी गैरसोय होईल’ असेल तर गठ्ठ्यात. ‘काहीच नाही’ असेल तर ते नोटिफिकेशन कायमचं बंद. सवलत, शिफारस, कुणाला काय आवडलं, नवी आवृत्ती आली, सगळं तिसऱ्या खणात. हे वर्गीकरण अ‍ॅपचं करू नका, अ‍ॅपमधल्या निरोपांचं करा. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून एकाच अ‍ॅपचे वेगवेगळे चॅनेल असतात. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की तेवढाच प्रकार शांत करता येतो. बँकेच्या अ‍ॅपमधले व्यवहाराचे निरोप ठेवून जाहिराती घालवता येतात, अर्थात बँकेने ते वेगळे ठेवले असतील तर.

डेस्कटॉपवर आउटलुकची जुनी आवृत्ती असेल तर फाइल, ऑप्शन्स, मेल असं जाऊन ‘मेसेज अरायव्हल’खाली चार टिका असतात: आवाज, माउसचा बाण क्षणभर बदलणं, टास्कबारवर पाकिटाचं चित्र आणि कोपऱ्यातली पट्टी. लोक आवाज बंद करतात आणि पट्टी तशीच ठेवतात. काढायच्या तर चारही काढाव्यात. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्समध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ आहे, त्याच्या वेळा लावता येतात, आणि तिथेच कुणाला आत सोडायचं त्याची यादी. आयफोन आणि मॅकवर ‘फोकस’. त्यातलं ‘शेअर अक्रॉस डिव्हायसेस’ हे चालू आहे ना ते बघावं, नाहीतर मॅक मौन पाळतो आणि फोन बोलतो. ब्राउझरमध्ये साइट सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्याच संकेतस्थळांना नोटिफिकेशनची परवानगी विचारायलाच बंदी घालावी. त्याबद्दल आजवर कुणी पस्तावलेलं नाही.

एवढं करूनही काही भोकं राहतात आणि पाणी तिथूनच गळतं. पहिलं, टॅबच्या नावापुढचा कंसातला आकडा. मेल किंवा चॅटची टॅब उघडी असेल तर नोटिफिकेशन बंद असूनही तिथे तीनाचे चार होतात, आणि वाढलेला आकडा डोळ्याच्या कोपऱ्याला दिसतोच. टॅब बंद करणं एवढाच उपाय. दुसरं, टेबलावर पालथा ठेवलेला फोन. लाकडावर होणारी थरथरही ऐकू येतेच. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या २०१५च्या प्रयोगात लोकांनी फोनला हातही लावला नाही, नुसतं नोटिफिकेशन आल्याचं कळलं, तरी हातातल्या कामातल्या चुका वाढल्या. कोण असेल, हा प्रश्न डोक्यात उभा राहायला फोन उचलावा लागत नाही. फोन बॅगेत, आणि बॅग खुर्चीमागे. तिसरं भोक मनगटावर असतं. फोन बॅगेत गेला तरी घड्याळ हातावर टिचक्या मारत राहतं.

आणि उलटी चूक: सगळंच बंद. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना नोटिफिकेशनं नेहमीसारखी, काहींना तासाला एकदा, काहींना दिवसातून तीन गठ्ठ्यांत आणि काहींना अजिबात नाही, अशी दिली. तीन गठ्ठेवाल्यांना बरं वाटलं, लक्षही लागलं. तासाला एकदाने फारसं काही साधलं नाही. अजिबात न मिळालेल्यांची मात्र धाकधूक वाढली, काहीतरी सुटतंय असं वाटत राहिलं. मौनव्रत घेतलेला माणूस दर पाच मिनिटांनी स्वतःच फोन तपासायला लागतो. ‘ब’चं खातं बंद झालं की ‘आ’चं उघडतं.

गठ्ठा पेलायचा तर तातडीची एक वाट उघडी हवी आणि ती सगळ्यांना माहीत हवी. स्टेटसमध्ये लिहावं: ‘साडेअकराला मेसेज बघेन. अडलं असेल तर फोन करा.’ मेसेजपेक्षा फोन करायला माणसाला थोडं जड जातं, आणि तेवढ्या जडपणानेच गाळणी होते. फोनच्या शांत अवस्थेत पुन्हा पुन्हा येणारा कॉल आत सोडायची सोय असते: आयफोनवर त्याच माणसाचा तीन मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजतो, अँड्रॉइडवर ही मुदत पंधरा मिनिटांची आहे. हे घरच्यांना आणि टीमला सांगून ठेवावं. मात्र ज्या ऑफिसात पाच मिनिटांत उत्तर देणं हीच निष्ठा समजली जाते तिथे यातलं कुठलंही सेटिंग टिकत नाही. तिथला दोष सॉफ्टवेअरचा नाही. वरिष्ठाने स्वतःच्या स्टेटसमध्ये साडेअकरा लिहिलं तरच खालच्यांचं साडेअकरा टिकतं.

दिवसाला किती वेळ असं बसावं? पाऊण ते दीड तासाच्या दोन बैठका जमल्या तरी भरपूर. बाकीचा वेळ फोन, मेल, ‘जरा येतोस का’ यांचा. तीही कामंच आहेत, आणि नवीन माणसाला कुणाला तरी विचारल्याशिवाय शिकताही येत नाही.

आपणही दिवसातून बऱ्याचदा दुसऱ्याचं ‘ब’ असतो. चॅटवर नुसतं ‘हाय’ लिहून थांबणारा माणूस समोरच्याला दोनदा उठवतो. एकदा हायने, एकदा कामाने. मधला वेळ समोरचा ‘टाइप करत आहे’ या अक्षरांकडे बघत बसतो. एकाच मेसेजमध्ये काय हवंय, कशासाठी आणि कधीपर्यंत, एवढं यावं: ‘मार्चच्या परताव्याचा अंतिम आकडा हवाय, तक्ता ४साठी. आज पाचपर्यंत चालेल.’ शेवटचे तीन शब्द सगळ्यात मोलाचे, समोरच्याला ते वाचून पुन्हा कामाकडे वळता येतं. प्रत्यक्ष टेबलापाशी जायचं तर त्याच्या कामाचा जोड शोधावा. तो फाइल सेव्ह करतोय, मेल पाठवून मागे टेकलाय, पाणी प्यायला उठलाय, तिथे टोकणं स्वस्त पडतं. बोट ओळीवर असताना महाग.

या सगळ्याला आजच्या काळाचा रोग म्हणायची पद्धत आहे. पण १९८० साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, म्हणजे अनेकांनी एकत्र वापरायच्या संगणक-प्रणालीत, ‘बिफ’ नावाचा प्रोग्रॅम आला. मेल आली की तो चालू कामाच्या मधोमध पडद्यावर तिच्या पहिल्या काही ओळी छापायचा. नाव तिथल्याच एका कुत्र्याचं. तो पोस्टमनवर भुंकायचा म्हणून हे नाव पडलं ही दंतकथा. ‘बिफ वाय’ लिहिलं की भुंकणं सुरू, ‘बिफ एन’ लिहिलं की बंद. त्याच्याही आधी, १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येच, ‘मेस्ग’ नावाची आज्ञा होती. त्या काळी एकाच यंत्रावर अनेक जण बसत आणि एकमेकांच्या पडद्यावर थेट मजकूर लिहू शकत. ज्याला नको असेल त्याने ‘मेस्ग एन’ टाइप करायचं. ही आज्ञा आजही लिनक्सवर आणि मॅकवर चालते. नुसतं ‘मेस्ग’ लिहिलं तर ती एका अक्षरात सांगते, दार उघडं आहे की बंद. आणि दार बंद असलं तरी यंत्राच्या प्रमुखाने ‘वॉल’ ही आज्ञा वापरून पाठवलेला निरोप पडद्यावर उमटतोच. यंत्र दहा मिनिटांत बंद होणार आहे, हातातलं काम सेव्ह करा, असा तो निरोप असतो.